मावळातील जुनी दप्तरे आणि दासीप्रथेच्या काळातील कुटुंबेतिहास : एक अभ्यास

सारांश

कुटुंबाचा इतिहास शोधण्यासाठी तहसील कार्यालय, भूमी अभिलेख कार्यालय, न्यायालय आणि पुराभिलेखागार येथील जुन्या कागदपत्रांचा उपयोग महाराष्ट्रात अलीकडे मोठ्या प्रमाणावर होऊ लागला आहे. प्रस्तुत लेखात मावळ तालुक्यातील वराळे हे गाव उदाहरणादाखल घेऊन या दप्तरांचे स्वरूप, त्यांतील नोंदींची भाषा व त्यांच्या वाचनातील अडचणी यांची मांडणी केली आहे. जमीनदार व वतनदार कुटुंबांचा माग या कागदांतून तुलनेने सहज लागतो; पेशवेकालीन कुणबिणी, म्हणजेच दासी, व त्यांची संतती यांचा माग मात्र वेगळ्या कागदांतून आणि वेगळ्या वाचनपद्धतीने घ्यावा लागतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : कुणबीण, मोडी, गाव नमुना १४, पेशवे दप्तर, दासीपुत्र, वंशावळ.

प्रस्तावना

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला. जन्ममृत्यूची नोंदवही, खासरापत्रक, पाहणीपत्रक, शाळेचे प्रवेश रजिस्टर, कारागृह व पोलीस खात्याचे कागद, दुय्यम निबंधकांकडील दस्त अशी नानाविध दप्तरे उघडण्यात आली आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी आढळल्याचे जाहीर झाले. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. आजोबा-पणजोबांचे नाव कोणत्या कागदात, कोणत्या जातीच्या रकान्यात आहे, हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला.

या शोधाचा हेतू आरक्षणाच्या दाखल्यापुरता मर्यादित होता. तथापि त्यामुळे एक व्यापक प्रश्न अभ्यासकांसमोर आला. ज्या शब्दाचा शोध घेतला गेला त्या ‘कुणबी’ शब्दाचे स्त्रीलिंगी रूप ‘कुणबीण’ हे होय. आणि अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत या रूपाचा एक अर्थ ‘दासी’, विकत घेतलेली किंवा सरकारात जमा झालेली परतंत्र स्त्री, असा आहे. मोल्सवर्थ यांच्या कोशातही हा अर्थ नोंदवलेला आहे. जमीन कसणाऱ्या पुरुषाची ओळख देणारा शब्द आणि स्वातंत्र्य गमावलेल्या स्त्रीची ओळख देणारा शब्द एकाच मुळाचे असावेत, ही बाब जुन्या कागदांतून कुटुंबेतिहास लिहिणाऱ्यास सावध करणारी आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. १) गावपातळीपासून पुराभिलेखागारापर्यंतच्या दप्तरांचा कुटुंबेतिहासाच्या दृष्टीने परिचय करून देणे. २) दासीप्रथेच्या काळातील कुटुंबांचा माग घेण्यासाठी उपयुक्त कागदप्रकार स्पष्ट करणे. ३) या कागदांच्या वाचनातील भाषिक व नैतिक प्रश्नांची चर्चा करणे. विवेचनासाठी प्रकाशित कागदपत्रे, कायदे, न्यायनिर्णय आणि अभ्यासकांचे ग्रंथ यांचा आधार घेतला असून हयात व्यक्तींच्या कौटुंबिक नोंदी हेतुतः वगळल्या आहेत.

गावातील दप्तर : वर्तमानातून भूतकाळाकडे

वराळे हे तळेगाव दाभाडेलगतचे, मावळ तालुक्यातील गाव होय. तालुक्याचे ठाणे वडगाव येथे असल्याने तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील कागद तेथे पाहावे लागतात. येथे पहिलीच अडचण गावाच्या नावाची येते. पुणे जिल्ह्यातच खेड तालुक्यात, चाकणजवळ, दुसरे वराळे आहे. जुन्या कागदात केवळ ‘मौजे वराळे’ असा उल्लेख असल्यास तरफ किंवा प्रांत यांचे नाव, शेजारच्या गावांचे उल्लेख आणि वतनदारांची आडनावे पाहिल्याखेरीज कागद कोणत्या वराळ्याचा हे ठरवता येत नाही. हे न तपासता काढलेली वंशावळ दुसऱ्याच गावातील घराण्याला जोडली जाण्याचा धोका असतो.

शोधाचा क्रम नेहमी जवळच्या काळाकडून दूरच्या काळाकडे असावा. घरातील वृद्धांकडून किमान तीन पिढ्यांची नावे, माहेरची गावे आणि भाऊबंदांची नावे लिहून घेतल्यावर फेरफार नोंदवही (गाव नमुना ६) आणि वारस नोंदवही (गाव नमुना ६-क) पाहावी. खातेदाराच्या मृत्यूनंतर जमीन कोणाच्या नावे झाली हे फेरफारात कळते. १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा आणि त्यानंतर १९१३ मध्ये जमीन महसूल कायद्यात झालेली दुरुस्ती यांमुळे हे दप्तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे नेते. मात्र ही नोंद जमिनीची आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी मुलगा असता मुलीला वारसा मिळत नसे. त्यामुळे अशा घरातील मुलींची नावे या दप्तरात सहसा येत नाहीत. भूमिहीन कुटुंबे तर मुळातच येत नाहीत.

ही उणीव काही अंशी जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजेच गाव नमुना १४, भरून काढते. ग्रामीण भागात ती ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखली जाते. जमीन असो वा नसो, जन्म व मृत्यू प्रत्येक घरात होतात. म्हणून गावातील सर्व जातींची कुटुंबे या वहीत आढळतात. जातीचा रकाना असल्यामुळे जात पडताळणीत तिला महत्त्व आहे. जन्माच्या जुन्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नाव नसते. बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. मृत्यूच्या नोंदीत वय व मृत्यूचे कारण मिळते. १८९७ नंतरची प्लेगची वर्षे आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ या वह्यांतून घरनिहाय वाचता येते. एखाद्या कुटुंबाची शाखा अचानक का खुंटली याचे उत्तर अनेकदा येथेच सापडते.

वतनदारांसाठी वतन रजिस्टर हे आणखी एक साधन आहे. पाटील-कुलकर्ण्यांप्रमाणेच महार वतनाच्याही नोंदी झाल्या, कारण वतनाचा हक्क वंशपरंपरेने चालत असल्याने हक्कदारांची वंशावळ सरकारला आवश्यक होती. १८७४ चा वतन कायदा आणि १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा यांच्या अंमलबजावणीत तयार झालेले कागद या दृष्टीने मोलाचे आहेत. ज्या समाजाच्या वंशावळी तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत क्वचितच आढळतात, त्या समाजाच्या तीन-चार पिढ्या वतनाच्या कागदात सलग मिळू शकतात.

मोडी, कालगणना व नात्यांचे शब्द

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारातील बरेचसे मराठी लेखन मोडीत होत असे. लिपी वाचता आली तरी कालगणना न उमगल्यास पिढ्यांचा हिशेब चुकतो. शालिवाहन शकात ७८ किंवा ७९, फसली सनात ५९० किंवा ५९१ आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवल्यास इसवी सन मिळतो. सुहूर सन मृगारंभी बदलतो आणि अरबी अंकनामांनी लिहिला जातो. उदाहरणार्थ ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ म्हणजे दोन, नव्वद, शंभर आणि हजार मिळून ११९२, म्हणजेच इ. स. १७९१-९२.

नात्यांचे शब्दही नेमके आहेत. ‘बिन’ व ‘वलद’ हे शब्द ‘अमुकाचा मुलगा’ हे दर्शवतात; ‘कोम’ म्हणजे ‘अमुकाची पत्नी’. या शब्दांनी व्यक्ती एखाद्या घराशी बांधली जाते. दासीच्या उल्लेखात मात्र या प्रकारची बांधणी बहुधा नसते. तिचे नाव असते, कधी वय किंवा जात असते, आणि ज्याच्याकडे ती आहे त्या धन्याचे अथवा सरकारी खात्याचे नाव असते. तिचा बाप कोण, गाव कोणते, हे लिहिण्याचे लेखकास प्रयोजन नव्हते. वंशावळ जेथे खुंटते ती जागा नेमकी हीच होय.

पेशवेकालीन कागदांतील कुणबीण

पुण्यातील पुराभिलेखागारात असलेले पेशवे दप्तर हजारो रुमालांत बांधलेले आहे. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. त्यापूर्वी गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशींचे नऊ भाग प्रसिद्ध झाले होते. या प्रकाशित साधनांच्या आणि दप्तरातील मूळ कागदांच्या आधारे हिरोशी फुकाझावा व सुमित गुहा यांनी अठराव्या शतकातील मराठी राज्यातील दासप्रथेचा अभ्यास केला आहे.

या अभ्यासांवरून कुणबीण कागदात कोणत्या निमित्ताने येते हे स्पष्ट होते. पहिले निमित्त खरेदी-विक्रीचे. दुष्काळात किंवा लढाईच्या धामधुमीत मुले व स्त्रिया विकली जात, पळवली जात. १८०३-०४ च्या सुमारास होळकरांच्या स्वाऱ्या व दुष्काळ यांनी पुणे प्रांताची जी दैना झाली, तशा प्रसंगी हा व्यवहार वाढे. दुसरे निमित्त शिक्षेचे. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला सरकारात दासी म्हणून जमा करण्याची शिक्षा होत असे. म्हणजे स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरात राहणारी स्त्री एका निवाड्याने कुणबीण ठरत असे. तिसरे निमित्त खर्चाचे. सरकारी कोठ्या, कारखाने आणि किल्ले येथे कामास असलेल्या कुणबिणींना धान्य व वस्त्रे दिली जात आणि त्यांचा खर्च हिशेबात पडे. चौथे निमित्त सुटकेचे. वृद्धत्वामुळे, आजारामुळे किंवा मोबदला दिल्यावर काहींना सोडून दिल्याचे उल्लेख आढळतात.

मावळाच्या संदर्भात किल्ल्यांचे हिशेब विशेष महत्त्वाचे ठरतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना व राजमाची हे किल्ले याच परिसरात आहेत. किल्ल्यावर राबणाऱ्या माणसांची नावनिशी शोधताना केवळ हवालदार, सबनीस व गडकरी यांच्या याद्या न पाहता धान्यवाटपाचे हिशेबही पाहावेत. ज्या स्त्रीचे नाव कोणत्याही वंशावळीत नाही, तिचे नाव शेर-अदशेराच्या हिशेबात मिळू शकते. तळेगाव हे सेनापती दाभाडे यांचे ठाणे असल्याने त्या घराण्याशी संबंधित सरंजामी कागदही या परिसराच्या अभ्यासात दुर्लक्षून चालणार नाहीत.

दासीच्या पोटी धन्यापासून झालेल्या संततीला ‘लेकावळा’ असे म्हणत. कालांतराने हा शब्द एका जातिगटाचे नाव म्हणूनही वापरला गेला. त्यामुळे पुढील काळातील नोंदवहीत असा शब्द आढळल्यास त्यामागे एखाद्या दासीचा अलिखित इतिहास असण्याची शक्यता असते.

१८४३ चा कायदा आणि नोंदीतील खंड

१८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखातील गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. या कायद्याची चार कलमे लक्षात घेण्यासारखी आहेत. हुकूमनाम्याच्या किंवा महसुलाच्या वसुलीसाठी कोणाही सरकारी अधिकाऱ्याने माणूस गुलाम म्हणून विकू नये. कोणाला गुलाम म्हणून मालमत्ता समजून केलेला दावा न्यायालयाने मान्य करू नये. स्वकष्टाने किंवा वारशाने मिळालेली मालमत्ता केवळ दासत्वाच्या कारणावरून कोणाकडून काढून घेऊ नये. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जे कृत्य गुन्हा ठरते ते दासाविरुद्धही गुन्हाच ठरावे. पुढे १८६० च्या दंडसंहितेने गुलामांची खरेदी-विक्री हा शिक्षापात्र गुन्हा केला.

या कायद्याचा कुटुंबेतिहासाच्या दृष्टीने एक अनपेक्षित परिणाम झाला. दासत्व संपल्याची व्यक्तिवार नोंद करण्याची तरतूद त्यात नव्हती. कोणाचीही यादी झाली नाही, कोणाला मुक्तीचा दाखला मिळाला नाही. न्यायालयाने केवळ दासत्वाकडे पाहणे थांबवले. कालपर्यंत किंमत म्हणून, खर्च म्हणून किंवा शिक्षा म्हणून कागदात येणारी स्त्री आता त्या नात्याने कागदात येईनाशी झाली आणि कुटुंबप्रमुख म्हणून येण्याइतकी तिची पतही नव्हती.

अमेरिकेतील स्थितीशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. तेथे १८५० व १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या वेगळ्या याद्यांत बहुतांशी नावे नसून मालकाच्या नावाखाली केवळ वय, लिंग व वर्ण दिलेला आहे. १८६५ मध्ये गुलामगिरी घटनादुरुस्तीने नष्ट झाली आणि १८७० च्या जनगणनेत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची नावे प्रथमच सर्वांबरोबर नोंदली गेली. त्यामागे जाण्यासाठी तेथील संशोधक जिल्हा न्यायालयांतील मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या व विक्रीखते वाचतात. कारण माणूस मालमत्ता मानला गेल्याने त्याचे नाव मालकाच्या मालमत्तेच्या कागदातच सापडते. लुईझियानातील अशा कागदांच्या आधारे ग्वेंडोलिन मिडलो हॉल या इतिहासकार स्त्रीने गुलामांच्या नोंदींचा मोठा संग्रह सिद्ध करून २००० मध्ये प्रसिद्ध केला. या पद्धतीचे तत्त्व महाराष्ट्रातही लागू पडते. ज्याचा शोध घ्यावयाचा त्याच्या नावाने दप्तर मिळत नसेल, तर त्याच्यावर ज्याची सत्ता होती त्याचे दप्तर वाचावे. महाराष्ट्रात १८७० च्या जनगणनेसारखा दुवा मात्र नाही. तो अन्य कागदांतून जोडावा लागतो.

न्यायालयीन कागद : दासीपुत्राचा दावा

असा दुवा पुरवणारे एक महत्त्वाचे साधन म्हणजे वारशाचे दावे. शूद्र पित्यापासून दासीच्या पोटी झालेल्या मुलास पित्याच्या मालमत्तेत काही हक्क असल्याचे मिताक्षरेत सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न वारंवार न्यायालयांसमोर आला. कलकत्ता उच्च न्यायालयाने ‘दासी’ या शब्दाचा अर्थ शब्दशः ‘गुलाम स्त्री’ असा मर्यादित घेतला. गुलामगिरीच उरली नसल्याने त्या अर्थाने दासीपुत्राचा हक्कही व्यवहारात संपुष्टात आला. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र हा शब्द व्यापक अर्थाने स्वीकारून घरात कायम ठेवलेल्या स्त्रीच्या संततीचा विचार केला. ‘राही विरुद्ध गोविंद वलद तेजा’ (१८७५) आणि ‘सदू विरुद्ध बायजा’ (१८७८) हे या विषयावरील मुंबईचे प्रसिद्ध निर्णय होत.

या भूमिकेमुळे मुंबई इलाख्यात असे दावे चालू राहिले. दावा म्हटला की कैफियत आली, साक्षी आल्या, आई कोण, ती घरात केव्हापासून होती, मुलाला घरच्यांनी कसे वागवले, हे सारे शपथेवर सांगितले गेले. जी माहिती महसुली दप्तराने कधी विचारली नाही ती न्यायालयाने विचारली. छापील निर्णयात तिचा सारांश असतो. मूळ साक्षी दिवाणी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात शोधाव्या लागतात. १९१७ च्या अभिलेख नष्ट करण्याविषयीच्या कायद्यानुसार ठरावीक मुदतीनंतर अनावश्यक कागद काढून टाकता येत असल्याने, जे शिल्लक आहेत त्यांची सूची होणे निकडीचे आहे.

नोंदीच्या वाचनातील दक्षता

उपरोक्त विवेचनावरून काही दक्षता स्पष्ट होतात. ‘कुणबीण’ हा शब्द आढळताच ती कुणबी जातीची स्त्री असा अर्थ घेऊ नये. आणि ती दासीच असावी असेही गृहीत धरू नये. कागद कोणत्या खात्याचा, कोणत्या काळाचा आणि शेजारच्या नोंदी कोणत्या, यावरून अर्थ ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जन्ममृत्यूच्या वहीत जातीच्या रकान्यातील शब्दाचा अर्थ एक असेल. अठराव्या शतकातील किल्ल्याच्या खर्चात त्याच शब्दाचा अर्थ दुसरा असेल. प्रमाणपत्रासाठी एका ओळीची नक्कल पुरेशी असली तरी इतिहासासाठी संपूर्ण पान, किंबहुना संपूर्ण वही पाहणे आवश्यक ठरते.

दुसरी दक्षता अनुपस्थितीविषयी आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा किंवा वास्तव्य महत्त्वाचे मानले जाते. ज्यांच्या पूर्वजांची जमीन, वतन किंवा शाळा नव्हती त्यांच्याकडे असा कागद नसण्याची शक्यता अधिक असते. दप्तरात नाव नाही यावरून ते कुटुंब गावात नव्हते असा निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्ध ठरत नाही. दप्तर ठेवणाऱ्या खात्याला त्यांची गरज भासली नव्हती, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

तिसरी दक्षता नैतिक आहे. एखाद्या हयात कुटुंबाच्या मूळ स्त्रीचा उल्लेख शिक्षा झालेली दासी म्हणून आढळल्यास ती माहिती गावात चर्चेचा विषय होऊ शकते. अभ्यासकाने अशी नोंद प्रथम त्या कुटुंबास दाखवावी व संमतीखेरीज नावासह प्रसिद्ध करू नये. त्याच वेळी ही नोंद लज्जास्पद मानून दडवण्याचेही कारण नाही. तो निवाडा त्या काळच्या सत्तेचा होता. त्यावरून त्या स्त्रीचे चारित्र्य ठरत नाही.

महाविद्यालयांची भूमिका

२०२३ नंतरच्या शोधमोहिमेत मोडीवाचकांची टंचाई जाणवली. इतिहास व मराठी विभागांनी मोडीचे प्रमाणपत्र वर्ग चालवून तालुक्यातील दप्तरांची वर्णनात्मक सूची करण्याचा प्रकल्प हाती घेतल्यास ती मोठी सोय होईल. जुन्या महसुली कागदांच्या प्रतिमा शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संगणकीय सेवेवर उपलब्ध होऊ लागल्या असल्या तरी प्रतिमा मिळणे आणि कागद वाचता येणे या भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आणि त्याच वर्षीचा माहितीचा अधिकार कायदा यांचा परिचयही विद्यार्थ्यांना करून द्यावा. सूची करताना व्यक्तिनाम, गाव, तरफ, मिती यांबरोबरच ‘नात्याचा शब्द’ आणि ‘नोंदीचे निमित्त’ असे दोन रकाने आवर्जून ठेवावेत. या दोन रकान्यांमुळे ‘बिन’ किंवा ‘कोम’ नसलेली नावे वेगळी काढता येतील आणि दासींच्या नोंदी प्रथमच एकत्र दिसू शकतील.

निष्कर्ष

१) गावपातळीवरील महसुली दप्तर जमीनधारक पुरुषांच्या वंशावळीस अनुकूल आहे, गाव नमुना १४ व वतन रजिस्टर ही त्याला पूरक साधने आहेत.

२) पेशवेकालीन कुणबिणींचा शोध खरेदी, शिक्षा, खर्च व सुटका या चार निमित्तांच्या कागदांत घ्यावा लागतो.

३) १८४३ च्या कायद्याने दासत्वाची मान्यता संपवली, परंतु मुक्त झालेल्यांची नोंद निर्माण केली नाही, हा खंड काही प्रमाणात वारशाच्या दाव्यांतील साक्षींतून सांधता येतो.

४) एकाच शब्दाचा अर्थ दप्तराच्या स्वरूपानुसार बदलत असल्याने सुटी नोंद पुरावा म्हणून वापरताना तिचा संदर्भ देणे अनिवार्य मानावे.

समारोप

मावळातील दप्तरांत पाटील, वतनदार व खातेदार यांची नावे पानोपानी आहेत. त्याच पानांच्या कडेला, हिशेबाच्या ओळीत, केवळ नावाने उल्लेखलेल्या स्त्रियाही आहेत. त्यांच्या बापाचे नाव आता मिळण्याची शक्यता अल्प आहे. परंतु त्या कोणत्या साली, कोणाच्या सत्तेखाली, कशा अवस्थेत होत्या हे सांगता येण्यासारखे आहे. आपल्या पूर्वजांचा कागद शोधण्यासाठी आज जी जनता अभिलेख कक्षात येत आहे, तिला हा इतिहासही वाचून दाखवणे हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.